पेलिकनचं डोकं

झावळ्यांच्या रविवारची उपासना आटोपून सुवार्ता उजागरे घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये येते आणि काचेपुढे बसते. भरदुपार आहे, पत्रा तापलाय. पुढ्यात पुन्हा तोच पक्षी, पुन्हा बिनडोक्याचा.

गारपिटीत चर्चच्या रंगीत काचांच्या मोठ्या खिडकीतल्या पेलिकनचं डोकं गेलं. झेंडा धरलेलं कोकरू वाचलं, द्राक्षवेल वाचला, गेलं ते नेमकं हेच. पिलं उपाशी मरू नयेत म्हणून पेलिकन आपलीच छाती फोडून त्यांना रक्त पाजते, अशी जुनी समजूत. म्हणून चर्चमध्ये ती ख्रिस्ताची खूण. खिडकी घडवली सुवार्ताच्या वडिलांनी, शांतवनांनी. ते आता नाहीत, आणि त्या डोक्याचा धड फोटोही कोणाकडे नाही. चर्चमधले फोटो म्हणजे सगळे नवरा-नवरीचे.

सुवार्ताने आजवर केलेली सगळी डोकी वाया गेलीत. चोच छातीत खुपसली की तिची पेलिकन पिसवा टिपणाऱ्या कोंबडीसारखी दिसते. शेवटचं डोकं पाहून चर्चच्या पंचांपैकी थोरात मास्तर म्हणाले, "हिला खाज सुटलीय का गं?" उद्यापर्यंत जमलं नाही, तर तिथे कबुतराचं छापील स्टिकर चिकटवायचं ठरलंय. पप्पांच्या खिडकीत स्टिकर. नुसत्या विचारानेच तिचं डोकं फिरतं.

ती नव्या तुकड्यावर काळपट रंगाचा ओला थर देते. डोळा कुठे काढावा ते सुचत नाही, हात थांबतो. ती कपाळ मेजावर टेकते, जरा वेळच.

"रंग पातळ झालाय," शांतवन म्हणतात.

ते पलीकडच्या स्टुलावर बसलेत, चष्मा कपाळावर चढवून. सुवार्ताला नवल वाटत नाही, रागच येतो.

"पप्पा, डोकं कसं होतं ते सांगा."

"चहा टाकलास का?"

"टाकते नंतर. चोच कुठे वळली होती?"

"खाली. छातीत."

"ते मला माहितेय."

"मग विचारतेस कशाला?"

मेज आता चर्चचा बाक झालाय. वर खिडकी अख्खी आहे, पण डोक्याच्या जागी इतकं ऊन आहे की डोळे दिपतात. सुवार्ता बाकावर चढते, टाचा उंचावते, तरी काही दिसत नाही. शांतवन खाली बसून निवांत गीतपुस्तक चाळताहेत.

"पप्पा, ते ऊन जरा बाजूला करा ना."

"ऊन काय माझ्या हातात आहे?"

बाक गदगदा हलतो, आणि ती एसटीत उभी आहे. एसटीच्या खिडक्यांना लाल-निळ्या काचा, प्रवाशांच्या मांड्यांवर रंग सांडलेत. शांतवन पुढच्या सीटवर, पाठमोरे. कंडक्टर तिकिटांऐवजी कबुतराचे स्टिकर वाटत येतो आणि सगळे मुकाट्याने घेतात. सुवार्ता त्याचा हात झिडकारते. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडाशी येतं.

"जन्मभर हेच केलंत. मी मागे उभी, तुम्ही काचेत डोकं घालून. शाळेत मिळालेला कप दाखवायला आले तेव्हाही वळला नाहीत. काचा जोडायच्या शिशाच्या धुराने छाती पोखरली तरी काम सोडलं नाहीत. आम्हाला पोसलंत, मान्य आहे. पण माझ्याकडे कधीतरी बघायचं होतं."

पाठ हलत नाही. एसटी तेवढी धडधडत राहते.

"निळा फ्रॉक होता," शांतवन म्हणतात. "एका पायात मोजा नव्हता. कप उलटा धरला होतास."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही वळलाच नव्हता."

"हातात तापलेलं शिसं होतं, वळणार कसा?" ते पुढ्यातल्या काचेवर बोट टेकवतात. काचेत त्यांच्या खांद्यामागे सुवार्ताचा चेहरा दिसतो. "काचेत दिसायचीस की. रोज."

सुवार्ता काचेतल्या आपल्या चेहऱ्याकडे बघते.

"चोच छातीत राहू दे," ते म्हणतात. "पण डोळा तिथे कशाला? तिथलं काम तिला न बघता येतं. डोळा पिलांकडे."

"हे जिवंतपणी सांगायला काय झालं होतं?"

"तेव्हा तू कुठे विचारलंस," ते म्हणतात, आणि एसटी थांबते.

शेडमध्ये कोणी नाही. तिच्या कपाळावर मेजाच्या कडेचा वळ उठलाय. काचेच्या तुकड्यावर, त्या ओल्या थरात, एक अंगठा उमटलाय. तेवढाच रंग निघालाय आणि तिथून ऊन आरपार येतंय. जागा डोळ्याची आहे, आणि ठसा खाली पिलांच्या बाजूला कललाय. सुवार्ता आपला अंगठा त्याच्यावर अलगद धरून बघते. ठसा मोठा आहे, दोन्ही बाजूंनी उरतो.

ती पुसत नाही. तुकडा तसाच रंग पक्का करायच्या भट्टीत ठेवते, झाकण लावते आणि डोळे पुसून भट्टीलाच सुनावते, "तरीपण एकदा वळायला हवं होतंत, पप्पा."