शिडाच्या कापडाची राहुटी

आधी क्षमा मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कागदावर अंगठ्याखेरीज काही उठवले नव्हते, आणि मी तर थेट सायकलीच्या प्रवासावर लिहायला बसलो आहे. हा आगाऊपणाच. पण तेव्हाचे कुतूहल अजून शमलेले नाही.

मुंबईत कॉलेजचे पहिले वर्ष संपवून मे महिन्यात मी जयगडजवळच्या घरी आलो होतो. निकाल लागायचा होता. वडील मासेमारीच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे सगळ्या खलाशांचे म्होरके. त्यांनी सरळ सांगितले होते, "पास झालास तर शीक. नाहीतर नारळी पुनवेला मचव्यावर ये. तुझी जागा ठेवलीय."

नुसती वाट बघणे जमेना. रत्नागिरीचा माझा एक वर्गमित्र सायकलीने कोल्हापूरला मावशीकडे निघाला होता. मीही त्याच्याबरोबर जायचे ठरवले आणि निकाल मावशीच्या पत्त्यावर कळवायला गावच्या मास्तरांना विनवले.

सायकल जुनी होती. तिच्यावर काय काय न्यावे, हे मला ठाऊक नव्हते. कॉलेजच्या वाचनालयात एका विलायती मासिकात चित्र पाहिले होते : चाकाच्या दोन्ही अंगांना पिशव्या, मागे गुंडाळलेला तंबू. पण तंबूच्या काठ्या कुठे ठेवतात? तो भिजला की किती जड होतो? चित्र काही सांगत नव्हते. शेवटी मी अंगणात आडवा झालो, वडिलांनी कोळशाने माझ्याभोवती रेघ ओढली आणि तेवढ्या मापाची राहुटी आम्ही जुन्या शिडातून कापली. उरलेल्या कापडाच्या दोन पिशव्या वडिलांनीच दाभणाने शिवल्या.

मी तांदूळ, टोप आणि पाना हँडलला बांधू लागलो तेव्हा ते हसले.

"जड ते बुडाशी घाल. डोलकाठीवर माल लादून मचवा चालतो काय?"

सगळे ओझे त्यांनी मागच्या चाकाच्या आसाशी आणले. सायकल एकदम शहाण्यासारखी चालू लागली. हे त्या मासिकवाल्यांना ठाऊक असेल का, असे मला सारखे वाटत राहिले.

निघताना मात्र त्यांनी, खाऱ्या वाऱ्याला लोखंड टिकत नाही म्हणून, मचव्याला लावायचे माशाचे तेल सायकलीला फासले. एक चिमूटभर लोखंड कोरडे सोडले नाही. चाकांच्या धावाही, म्हणजे टायरलगतच्या लोखंडी कडाही, नाहीत.

मित्र मला रत्नागिरीत भेटला. पुढे पालीच्या उतारावर मी ब्रेक दाबला, आणि ब्रेकचे रबर त्या तेलावरून नुसते घसरत राहिले. मी थेट करवंदीच्या जाळीत. मागून तीन कुत्री वास घेत आली. विहिरीवरची बाई घागर ठेवून बघत होती.

"काय रे, बाजार कुठं भरलाय? बांगडा हाय की तारली?"

"मावशी, आम्ही कॉलेजात शिकतो," मित्र म्हणाला.

"असं? मग ह्यो वास पुस्तकांचा काय?"

हसत हसत तिनेच चुलीतली राख आणून दिली. आम्ही धावा घासल्या, ब्रेक लागू लागला. पण कुत्र्यांनी साखरप्यापर्यंत सोबत सोडली नाही.

आंबा घाट आम्ही सायकली ढकलत चढलो. माथ्यावर राहुटी उभी केली. कोळशाच्या रेघेएवढी ती खरीच झाली होती. कुशीवर वळलो की गुडघे बाहेर. पण वारा सुटला तरी एक गाठ ढिली पडली नाही. मचव्यावर मी कसा निभेन, याचा विचार तिथे पहिल्यांदा नीट केला. भीती वाटली नाही. पण पुस्तके सुटू नयेत, असे वाटले.

कोल्हापुरात पोचल्यावर रोज टपालवाल्याची वाट पाहिली. पाचव्या दिवशी कार्ड आले. अक्षर मास्तरांचे, बोलणे वडिलांचे :

"यादीत तुझे नाव नाही. मास्तरांनी दोनदा पाहिले. मचव्यावरची तुझी जागा तुझ्या आतेभावाला दिली आहे. आता इथे जागा नाही. परत परीक्षेला बस."