कंडक्टर हसल्याशिवाय

यवतच्या स्टँडवर एक व्यंगचित्रकार रोज सकाळी पाकीट घेऊन यायचा. पुण्याच्या पेपरात त्याची हास्यचित्रं छापून यायची, आणि ती पोचवायचा आमच्या एसटीचा कंडक्टर. पण चित्र आधी कंडक्टरला दाखवायचं. तो हसला नाही, तर हा गुडघ्यावर कागद धरून शेवटची चौकट बदलत बसायचा. बस खोळंबायची.

"अहो, हसायला तिकडं संपादक हायेत की!" मी वैतागलो.

"ते पगार घेऊन हसत्यात. ह्ये फुकट हसत्यात," त्यानं कंडक्टरकडं बोट दाखवलं.

एकदा कंडक्टर हसेचना. ऑफिस गाठायचं म्हणून आम्ही प्रवासीच खोटं खोटं खदाखदा हसलो. यानं खुशीत पाकीट चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी नवं चित्र बघून कंडक्टर पोट धरून हसला. बस वेळेवर सुटली. ते चित्र छापून आलं, तेव्हा कंडक्टर का हसला ते कळलं: भरलेली एसटी, सगळ्यांचे दात बाहेर, डोळे मात्र घड्याळावर.

त्या सकाळी बसमध्ये कुणीच हसलं नाही.