अळणी पथ्य

माझ्या सासूबाईंइतकं कडक पथ्य पाळणारं माणूस मी पुढं कधी पाहिलं नाही, आणि त्या पथ्यानंच त्यांचा पाय गेला. हे सांगायला घेतलं की आजही माझं डोकं तापतं. लोक म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. कसलं मिळतंय! ज्यांचे पाय शाबूत आहेत त्यांना म्हणायला काय जातंय?

मी लग्न होऊन मुरुमला आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमच्या घरी करडई-भुईमुगाचा व्यापार. बाजारात मराठी चालायची, घरात कानडी-मराठीची खिचडी. सासूबाईंचं माहेर कानडी मुलखातलं. मराठी त्या सासरी येऊन शिकल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामंजी. आत्याबाई म्हणजे खणखणीत बाई, आवाज पार वेशीपर्यंत जायचा. खारट-तिखट त्यांचा जीव की प्राण. ठेच्याला मीठ कमी पडलं तर ताट पुढं सरकवून सरळ उठायच्या. गोडाचं मात्र त्यांना मुळीच कौतुक नव्हतं. सणाला पुरणपोळी केली तरी अर्धीच खायच्या आणि वर मिरची चावायच्या.

एका उन्हाळ्यात त्यांची तहान वाढली. तांब्यावर तांब्या रिकामा व्हायचा आणि तितक्याच वेळा मोरीकडं जाणं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मोरी मीच धुवायची, त्यामुळं तिथं मुंग्यांची रांग लागते हे आधी मलाच दिसलं. मी सांगितलं, तर गावच्या वैद्यबुवांनी उष्णता म्हणून सब्जा दिला, आणि तो घ्यायचा कशाबरोबर, तर खडीसाखरेच्या पाण्याबरोबर. मग जोडवं घासून पायाच्या बोटाला जखम झाली. हळद झाली, तूप झालं, कडुलिंबाचा पाला झाला, पण जखम सुकेना. शेवटी मामंजी त्यांना मोटारीनं धाराशिवला एका दवाखान्यात घेऊन गेले. म्हैस दुभती होती म्हणून मी घरीच राहिले.

दोघं परतले तेव्हा आत्याबाई खुशीत होत्या. बायकांच्या बाजूला मामंजींना आत जाऊ दिलं नव्हतं, त्यामुळं त्या एकट्याच आत गेल्या होत्या. डॉक्टर हैदराबादचा, बोलणं सगळं उर्दूत. त्यानं लघवी काचेच्या नळीत घालून तापवली, तिचा रंग विटकरी झाला, तो त्यानं त्यांना दाखवला आणि बोट नाचवत खूप काही बोलला.

"मग काय म्हन्ला?" मामंजींनी मोटारीतच विचारलं होतं, आता माझ्यासमोर पुन्हा विचारलं.

"मीठ बंद. येकदम बंद. बाकीचं कळलं न्हाय, पन तेवडं नीट कळलं."

भिंतीपलीकडच्या शेजारणीला त्यांनी तेच कानडीत ऐकवलं, "उप्पु बंद." म्हणजे चूक तीन भाषांमधून पक्की झाली आणि आमच्या घरात येऊन बसली.

मामंजी बैल घेताना चार गावांत चौकशी करायचे, दात मोजायचे, चालवून बघायचे. पण डॉक्टरच्या दारात परत जाऊन, "हुजूर, नेमकं काय बंद?" एवढं विचारायला त्यांची जीभ उचलली नाही. साहेबाला उलट विचारायचं नसतं, ही त्या काळची रीत. त्या रीतीला आग लागो.

दुसऱ्या दिवसापासून मी आत्याबाईंचं वेगळं शिजवायला लागले. आमटी अळणी, भाजी अळणी. ठेचा, लोणचं, पापड, शेंगाची चटणी, सगळं बंद. ज्या बाईनं जन्मभर मिठावर प्रेम केलं ती अळणी आमटीचा घोट घ्यायची आणि डोळे मिटून बसायची. घास खाली उतरेना. तेव्हा मामंजींनी बाजारातून स्वतः गुळाची ढेप आणली.

"गूळ-तूप दे तिला भाकरीसंगं. गुळाला कुटं न्हाय म्हटलंय डाक्टरनं?"

झालं. सकाळी गूळ-तूप, दुपारी गुळवणी, कधी हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर. गोडाला नाक मुरडणारी बाई गोड औषधासारखं गिळायला लागली. मीठ मात्र बोटालासुद्धा लावून घेतलं नाही. नात्यातल्या एका लग्नात पंगतीला बसल्या, तर भात, वरण, भाजी सगळ्यात मीठ म्हणून नुसती बुंदी खाऊन उठल्या. बायका तोंडात बोटं घालून बघत राहिल्या. काय हे पथ्य! असा निग्रह हवा! आत्याबाईंना त्या कौतुकाचा अभिमान वाटायचा, मला तो चेहऱ्यावर दिसायचा.

बोट काळं पडलं. पुन्हा धाराशिव. पहिला डॉक्टर बदलून गेलेला, नवा आलेला. त्यानं पट्टी बदलली आणि विचारलं, "परहेज करते?" परहेज म्हणजे पथ्य, हा शब्द आमच्याकडं कोंबडीलासुद्धा कळतो. आत्याबाईंनी छाती पुढं काढून मान हलवली. त्यानंही मान हलवली. दोघांनी माना हलवल्या आणि काळं बोटाच्या वर चढत राहिलं. कशाचं परहेज, हे ना त्यानं विचारलं ना यांनी सांगितलं.

पाऊल सुजून जमिनीवर टेकेना तेव्हा आम्ही सोलापूर गाठलं. सोलापूर इंग्रजांच्या मुलखात, वाटेत नाका. तिथं शिपायानं गाठोडं सोडून अळणी भाकरीचा डबासुद्धा उघडून हुंगला. या वेळी मी हट्टानं बरोबर गेले होते. इस्पितळातला डॉक्टर मराठी बोलणारा होता. पाय बघितला, नळीतला रंग बघितला आणि तो चिडलाच.

"आजी, गोड खाऊन खाऊन पाय घालवलात तुम्ही. मधुमेह आहे तुम्हाला. कुणी सांगितलं नाही?"

"मध तर म्या कदी तोंडात घातला न्हाय," आत्याबाई म्हणाल्या. "आन् पथ्य इचारा हिला. मिठाचा खडा शिवले न्हाय इतके महिने."

"मीठ? मीठ कुणी सोडायला सांगितलं तुम्हाला?"

"धाराशिवच्या डाक्टरनं. असं बोट करून." त्यांनी बोट नाचवलं आणि त्याचा आवाज काढला, "मीठा बंद! बिलकूल बंद!"

डॉक्टर हसायला लागला. चष्मा काढून डोळे पुसले. शेजारच्या खोलीतून दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं, "अहो, ऐका तरी, मीठा म्हणजे मीठ!" मग तोही हसला. मी तिथं उभी होते. त्या दोघांच्या टेबलावरची काचेची नळी उचलून फोडावी असं मला वाटलं. आजही वाटतं.

मामंजी हसले नाहीत. हैदराबादच्या व्यापाऱ्यांशी त्यांनी जन्मभर मोडक्यातोडक्या उर्दूत सौदे केले होते. मीठा तेल, मीठा पानी, हे शब्द त्यांच्या रोजच्या तोंडातले. ते भिंतीला टेकून खालीच बसले.

"मीठा म्हंजी ग्वाड," ते म्हणाले.

"तुमाला ठावं हुतं?" आत्याबाईंनी विचारलं.

शब्द मामंजींना येत होता, पण तो त्यांच्यापर्यंत पोचला तेव्हा त्याचं मीठ झालेलं होतं.

मला राग कुणाचा यावा? राज्य मराठी-कानडी बोलणाऱ्यांवर करायचं आणि दवाखान्यात बसून "गोड" हा दोन अक्षरी शब्द शिकायचा नाही, याचा तर येतोच. पण विचारायला घाबरणाऱ्यांचाही येतो, आणि शहाणे होऊन हसणाऱ्यांचा सगळ्यात जास्त. औषधच नसतं तर नशीब म्हटलं असतं. इथं तर पहिल्याच दिवशी औषध सांगून झालं होतं, फुकटात. नुसतं कळायचं राहिलं.

पाय घोट्याच्या वरून कापला. आत्याबाई रडल्या नाहीत. शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा मिठाची चटणी मागितली. मी दिली, आणि त्या बोटानं चाटत राहिल्या.

घरी आल्यावर सोपं झालं असं कुणाला वाटत असेल तर तो भ्रम आहे. रोज सुई टोचायची, ती मला इस्पितळातल्या नर्सनं शिकवली. पण सुईचं औषध मिळायचं सोलापुरात, आम्ही मुरुमात, आणि ते गार ठेवायचं म्हणे. मुरुमात उन्हाळ्यात गार काय असतं? माठाला ओलं फडकं गुंडाळून शेजारी बाटली ठेवायची आणि देवाचं नाव घ्यायचं. डॉक्टरनं हिरव्या भाज्या खायला सांगितल्या होत्या. चैत्रात आमच्याकडं भाजी म्हणजे वाळवलेल्या गवारी. मोटार चुकली की औषध चुकायचं, औषध चुकलं की त्या पुन्हा तांब्यामागं तांब्या रिचवायला लागायच्या. मामंजींना सांगितलं, तर ते मुकाट्यानं मोटारअड्ड्यावर जाऊन बसायचे. त्या दिवसापासून त्यांचं बोलणंच आटलं होतं.

आणि भेटायला येणाऱ्या बायका! रिकाम्या हातानं आजाऱ्याला भेटायचं नाही, म्हणून प्रत्येकीच्या ओच्यात काहीतरी गोडच. मी परत केलं की फुगायच्या. सून सासूच्या तोंडचा घास काढते, असंही गावात झालं. आत्याबाई मात्र प्रत्येकीला एकच गोष्ट सांगायच्या, "म्या पथ्य पाळलं हुतं." कुणी विश्वास ठेवायचं नाही. पथ्य पाळलं तर पाय कसा गेला, हा त्यांचा हिशेब. लग्नाच्या पंगतीत तोंडात बोटं घालणाऱ्या त्याच बायका आता एकमेकींना डोळ्यांनी खुणा करायच्या. पाय गेल्याचं आत्याबाईंना जेवढं लागलं नाही तेवढं हे लागलं. हे मी जवळून बघितलं आहे.

एकदा पलीकडच्या गल्लीतली एक बाई लाडू घेऊन आली. तरणीच होती. मी लाडू बाजूला ठेवले. तिनं गोधडीखालच्या पायाकडं बघितलं आणि मोठ्या मायेनं म्हणाली, "आत्तीबाई, जिभेला थोडं आवरलं असतं तर ही पाळी आली नसती बगा."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याबाईंनी हात वर करून मला थांबवलं. त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं.

"तुला उर्दू येतं का गं?"

"मला? न्हाय बाई."

"मग पाय सांभाळ."