अकरा दिवसांचं ड्रेसिंग

हे लिहावं की नाही यात दोन महिने गेले. चार वेळा टाइप केलं, चार वेळा पुसलं.

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे मी कुठल्या मातीचा माणूस आहे ते कळेल. नाव बिराप्पा, हॉस्पिटलात सगळे ‘बिरू ब्रदर’ म्हणतात. गाव वळसंग. सोलापुरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात पुरुषांच्या वॉर्डात सात वर्षं स्टाफ नर्स होतो. पेशंट गेला की नळ्या काढायच्या, अंग पुसायचं, हनुवटी बांधायची, नातेवाइकांच्या ताब्यात द्यायचं... हे इतक्या वेळा केलंय की भीती नावाची गोष्टच उरली नाही. लिफ्टजवळ बाई दिसते म्हणून आया घाबरायच्या, तेव्हा मी हसायचो. मेलेला माणूस काही करत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

आणि आधीच सांगतो — या अनुभवात मेलेलं कुणी परत आलेलं नाही. भूत असतं तर बरं झालं असतं. निदान एक शब्द तरी मिळाला असता.

गेल्या वर्षीचा मे महिना. आमच्या वॉर्डात राजय्या मामा म्हणून पेशंट होते. सत्तरीचे, आयुष्यभर यंत्रमागावर चादरी विणलेले. जिन्यावरून पडून मणक्याला मार लागला आणि कमरेखालचं अंग गेलं. पडून पडून माकडहाडापाशी जखम झालेली, माझी अख्खी मूठ बसेल एवढी. त्यांची बायको लक्षम्मा मावशी. घरात दुसरं कुणी नाही. ड्रेसिंग करायला मामांना फक्त मी चालायचो. इतर कुणी हात लावला की दात आवळून घ्यायचे.

त्याला कारण होतं. मी चिकटपट्टीचं टोक आत दुमडून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी काढताना म्हाताऱ्या माणसाची कातडी ओढली जात नाही. पट्टीवर पेनने तारीख घालतो. सिस्टर लोक चिडवायच्या, “ब्रदर, गिफ्ट पॅक करताय का?”

एका शनिवारी दुपारी मामांना डिस्चार्ज मिळाला. मावशी रडकुंडीला आली होती. “घरी कोण करनार ब्रदर? मला तर बघवत बी न्हाय.”

मी म्हणालो, “मावशी, रोज चार वाजता मी येतो. काळजी करू नका.” सामानाचा डबा भरून दिला. घर कुठे आहे ते विचारून घेतलं.

त्यानंतर तासाभरात माझं आयुष्य फिरलं.

छातीत दुखतंय म्हणून एक बाई आली. सिस्टर दोघीही दुसऱ्या पेशंटपाशी अडकलेल्या. मी पडदा लावला, आयाला सोबत उभं केलं, बाईंना विचारलं आणि ईसीजी काढला. अटॅक होता. डॉक्टर धावत आले, बाई वाचल्या. पण तेवढ्यात त्यांचा पुतण्या पडदा सरकवून आत आला आणि सगळ्यांच्या देखत माझ्या कानाखाली वाजवली.

“बायकांच्या अंगाला हात लावायला ठेवलंय का रे तुला इथं?”

आया सांगत होती, बाई स्वतः हाताने ‘नाही नाही’ करत होत्या. कुणी ऐकलं नाही. वर ऑफिसात बोलावून मलाच माफीनामा लिहायला लावला. “जेंट्स स्टाफ ठेवला की हीच डोकेदुखी,” असं तिथले साहेब माझ्यासमोरच म्हणाले. मी माफीनाम्याऐवजी राजीनामा लिहिला. युनिफॉर्म लॉकरमध्ये तसाच टाकला आणि निघालो.

आता तुम्ही म्हणाल, एका थपडेने एवढं काय? एका थपडेचं नव्हतंच ते. बारावीनंतर नर्सिंगला गेलो तेव्हापासूनचं होतं. मुलगी बघायला गेलो की चहा येईपर्यंत सगळं ठीक. “मुलगा काय करतो?” “स्टाफ नर्स.” मग कप खाली ठेवल्याचा आवाज. एका ठिकाणी मुलीचा मामा तर तोंडावर हसला. जाहिराती बघाव्यात तर ‘फक्त महिला उमेदवार’. आणि माझे वडील, आप्पा, मेंढरं पाळतात. अडलेल्या मेंढीचं कोकरू भर रानात स्वतःच्या हाताने सोडवणारा माणूस. पण गावात सांगायचे, “पोरगा डाक्टरच्या हाताखाली हाय.” नर्स हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही.

जुळे सोलापूर भागात गच्चीवर माझी भाड्याची एक खोली होती, संडास-मोरी आतच. त्यात शिरलो, कडी लावली, फोन बंद केला.

अकरा दिवस.

त्या दिवसांबद्दल नीट सांगता येत नाही. पत्र्याची खोली, वर ते सोलापूरचं ऊन. अंघोळ नाही. भिंतीकडे तोंड करून पडायचो आणि रडू यायचं, थांबायचंच नाही. आपण नसलो तर कुणाचं काय अडणार, हेच डोक्यात. आणि रोज चार वाजले की राजय्या मामा आठवायचे. पट्टी भिजली असेल. वास सुटला असेल. मावशी दाराकडे बघत बसली असेल. ऊठ बिरू, ऊठ... स्वतःला शिव्या घालायचो. पण अंग हलायचं नाही. असं झालेले पेशंट मी बघितलेत, पण आपल्याला असं होईल असं वाटलं नव्हतं.

बाराव्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. आप्पा. घरमालकीण काकूंनी फोन करून बोलावलेलं.

मला बघून ते उंबऱ्यातच थांबले. मग म्हणाले, “चल. गावाकडं जाऊ.”

मी म्हणालो, “आप्पा, आधी एका ठिकाणी जायचंय.”

“कुटं?”

“एका माणसाला मारलंय मी. बघून येतो.”

रिक्षात त्यांना सगळं सांगितलं. अकरा दिवस ड्रेसिंग नाही म्हणजे जखमेत काय होतं ते मला ठाऊक होतं. दाराशी मंडप दिसेल असंच धरून चाललो होतो. आप्पांनी माझा दंड घट्ट धरला होता.

मामांचं घर शहराच्या पूर्वेला, मागांच्या खटखटाटात, दोन खोल्यांचं. लक्षम्मा मावशी दारात सूप घेऊन विड्या वळत बसली होती. मला बघून हसली.

“आज लवकर आलास की ब्रदर? चार कुटं वाजले अजून?”

मला वाटलं, टोमणा मारतेय. मी तिथेच तिच्या पाया पडलो. “मावशी, माफ करा. चुकलो. अकरा दिवस आलो नाही.”

तिने सूप बाजूला ठेवलं. “असं काय बोलतो रे? रोज तर येतोस की.”

मी आत पळालो. मामा कुशीवर पडलेले होते. वास नाही, ताप नाही. पाठीमागे जाऊन पट्टी बघितली आणि तिथेच खाली बसलो. स्वच्छ पांढरी पट्टी. टोकं आत दुमडलेली. वर कालची तारीख. अक्षर माझं.

पट्टी काढली. जखम लाल, दाणेदार, कडेने भरत आलेली. डब्यातलं सामान संपत आलं होतं.

मी विचारलं, “मामा, काल कोण आलं होतं?”

“तूच की.”

“काय घातलं होतं मी?”

“पांढरा ड्रेस. नेहमीचा.” मग मामा हळू आवाजात म्हणाले, “मी घरी आल्यापासून तू बोलत का न्हाईस रे? गप येतोस, गप जातोस. आणि पट्टी करताना सारखा रडतोस. माझ्या पाठीवर पाणी पडतंय. एवढं कशाचं दुःख हाय तुला?”

आप्पा दारात उभे होते. त्यांनी हे सगळं ऐकलं.

“बिरू, हे तूच केलंस न्हवं?”

“नाही आप्पा.”

“मग कुनी?”

मी हात धुतले आणि त्या दिवसाचं ड्रेसिंग करायला बसलो. आप्पा न सांगता पुढे आले, खाली बसले आणि मामांना कुशीवर धरून ठेवलं. काम संपेपर्यंत सोडलं नाही. नंतर आम्ही पाच वाजेपर्यंत तिथेच थांबलो. चार वाजता कुणी आलं नाही. पुढेही कधी आलं नाही.

मी शोध घेतला नाही असं समजू नका. घरमालकीण काकू त्या अकरा दिवसांत माझ्या दारासमोरच गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या. दुपारभर राखण करत बसायच्या. शपथेवर सांगतात, दार एकदाही उघडलं नाही. जेवणाचं ताटही खिडकीतून आत सरकवावं लागायचं. वॉर्डच्या शिंदे सिस्टरना फोन केला. त्यांनी कुणाला पाठवलं नव्हतं. माझा युनिफॉर्म लॉकरमध्ये टाकला होता तसाच पडून होता. मामांच्या शेजारच्या दोन घरांत विचारलं. दोघांनीही “रोज येताना बघतो की तुम्हाला” म्हणून सांगितलं. स्वप्नात आपण तिथे गेलो, असंही म्हणता येत नाही. मला त्या दिवसांत एकही स्वप्न पडलेलं आठवत नाही. डॉक्टरांकडे गेलो, गोळ्या चालू केल्या, त्यांनाही हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पण ती तारीख घातलेली पट्टी माझ्याबरोबर आप्पांनीही बघितली होती. त्याचं काय?

मी रोज चार वाजता जात राहिलो. दोन महिन्यांनी जखम पूर्ण भरली. आता दुसऱ्या हॉस्पिटलात डायलिसिसला आहे. लग्न जमलेलं नाही. आप्पांना गावात कुणी विचारलं तर “नर्स हाय” म्हणतात. मुलग्यांनी नर्सिंगच्या लाइनला यावं का, असं विचारणारे मेसेज ओळखीतून मला येतात. मी अजून एकालाही धड उत्तर दिलेलं नाही.

मामा यंदाच्या थंडीत न्यूमोनियाने गेले. दहाव्याला गेलो होतो. सगळे जेवून गेल्यावर लक्षम्मा मावशी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, “ब्रदर, एक सांगू का? त्या टायमाला सांगितलं न्हाय. तू आधीच घाबरला होतास.”

“काय मावशी?”

“तू तुझ्या वडलांना घेऊन आलास ना, त्याच्या आदल्या दिवशी. पट्टी झाली, हात धुतलास, दारात गेलास आणि मागं वळलास. अकरा दिवसांत तेवढं एकदाच बोललास.”

“काय बोललो?”

तिने पदराने तोंड पुसलं.

“म्हनालास, ‘मावशी, उद्यापासून तो येईल.’ मला काय कळलंच न्हाय. दुसऱ्या दिवशी परत तूच आलास, म्हनून सोडून दिलं.”