धर्माजीनं न पाहिलेलं केरळ

बोर्ली पंचतनच्या आतल्या अंगाला, डोंगराखाली एक वाडी आहे. तिथल्या कुणीही केरळ पाहिलेलं नव्हतं, पण केरळ सगळ्यांना तोंडपाठ होतं. ही धर्माजीची करामत. पावसाळ्यात तो भात लावायचा, आणि कापणी-झोडणी उरकली की मुंबईच्या एका सहल कंपनीबरोबर आचारी म्हणून निघायचा. आपला माणूस जग बघायला हौसेनं जातो, पण संध्याकाळी त्याला पानात वरणभात लागतो. म्हणून या कंपन्या पातेली, मसाल्याचे डबे आणि आचारी बरोबर घेऊनच फिरतात.

परत आला की धर्माजी ओटीवर बसून सांगायचा. मुन्नारचे चहाचे मळे, थेक्कडीच्या तळ्यावर उतरणारे हत्ती, अलेप्पीच्या घरासारख्या होड्या, आणि शेवटी अतिरप्पिळीचा धबधबा. धबधब्यापाशी पोचला की गडी थांबायचा नाही. "आभाळ फाटल्यावानी पानी येतंय. शेजारच्याला हाक मारा, त्याला ऐकू जायाचं न्हाय. वरनं धुरळा उडतो, पन तो पान्याचा. मानूस उभ्या उभ्या न्हाऊन निघतो!" त्याची बायको जनी हे सगळं ऐकायची आणि पावसाळ्यात लावणीच्या बायांना आणखी मीठमसाला लावून सांगायची. धर्माजीची बायको म्हणून तिचा भाव त्यामुळे जरा वरच असायचा.

आता खरी गोष्ट अशी, की यातलं काहीसुद्धा धर्माजीनं पाहिलेलं नव्हतं.

पाहणार कधी? पाहुणे नाश्ता करून फिरायला गेले की हा जेवणाला लागायचा. मुक्काम हलायचा त्या दिवशी तर पाहुण्यांच्या आधी टेम्पोत पातेली चढवून पुढच्या गावाला. त्याला ठाऊक असलेलं केरळ वेगळंच होतं. मुन्नारला थंडीमुळे डाळ लवकर शिजत नाही, थेक्कडीची माकडं परातीतल्या पुऱ्या पळवतात, अलेप्पीच्या हवेत पापड तासाभरात मऊ पडतो. बाकीचं केरळ त्यानं वाढता वाढता गोळा केलं. माणसाला चौकशीची खोड भारी. "ताई, हत्ती पान्यात उतरला तवा सोंड वर धरलेली का खाली?" असं विचारायचा आणि उत्तर ऐकता ऐकता पानात आणखी एक पुरी टाकायचा. पाहुणेही खूश, हाही खूश. पहिल्या खेपेला जनीनं विचारलं, "काय काय बघितलंत?" तेव्हा एका मास्तरीणबाईंनी सांगितलेलं त्यानं जसंच्या तसं सांगून टाकलं. एकदा 'मी बघितलं' म्हटल्यावर माघार कशी घेणार?

मग गुडघे कुरकुरायला लागले, तशी त्यानं सहली सोडल्या. लेक प्रणाली न्हावा शेव्याला मालवाहतुकीच्या एका ऑफिसात लागली होती. यंदा दिवाळीनंतर ती घरी आली ती दोन तिकिटं घेऊनच.

"बाबा, फुल केरळ टूर. तुम्ही आणि आई. आईला सगळं तुम्हीच दाखवा."

जनीचा चेहरा असा फुलला, की धर्माजीला तिकिटांकडे बघवेना. वीस वर्षांचं पितळ आता उघडं पडणार होतं. पण खरं सांगायचं तर त्या धास्तीच्या खाली आणखी काहीतरी हलत होतं. हत्ती सोंड वर धरतो की खाली, हे आता त्याला स्वतः बघायला मिळणार होतं.

पितळ उघडं पडायला थेक्कडीपर्यंतही जावं लागलं नाही. मुन्नारला बस त्याच्या ओळखीच्याच हॉटेलसमोर थांबली. धर्माजी सवयीनं खाली उतरला, जनीचा हात धरला आणि तिला घेऊन थेट मागच्या बाजूला गेला. गॅसच्या टाक्या ओलांडून, सांडपाण्याच्या पन्हळीवरून. पुढचा दरवाजा असतो हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. त्या दारानं तो कधी आत गेलाच नव्हता.

भटारखान्यात एकच गलका झाला. "धर्मेट्टा! धर्मेट्टा!" म्हणजे आपल्याकडचं धर्मादादा. भांडी घासणाऱ्या म्हाताऱ्या बाईनं ओले हात पुसत जनीला स्टूल दिलं, आणि मोडक्या हिंदीत कौतुक केलं. "बहोत अच्छा आदमी. इतना साल आया, चाय का बाग नहीं देखा. हम बोलता, जाओ, देखो. वो बोलता, पूरी कौन तलेगा?"

जनीनं हातात आलेला चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला. खोलीत आल्यावर मात्र वळली.

"आनि ते हत्ती?"

"पावन्यांनी सांगितलेले."

"धबधबा?"

"तो बी त्यांनीच."

जनीला राग आला होता, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटत होती. "मी सगळ्या वाडीला सांगत फिरले. माजा नवरा धबधब्याखाली भिजला म्हनून! आता तुमी मला एक अक्षर सांगू नका. मी माज्या डोळ्यांनी बघीन."

धर्माजीनं ते ऐकलं. मळे पाहिले, गप्प. थेक्कडीला तळ्याकाठी हत्ती आला, सोंड खाली सोडून पाणी प्यायला, मग वर करून अंगावर उडवलं. धर्माजी बोटीच्या कठड्याला लहान पोरासारखा लटकला, जनीकडे वळला, तोंड उघडलं आणि मिटलं. जनीनं ते पाहिलं. अलेप्पीच्या होडीत पापड मऊ पडला होता. तो दाखवायला त्यानं हात उचलला आणि परत खाली ठेवला. तेव्हा तिला थोडं हसू आलं, पण तिनं ते दाबलं.

शेवटच्या दिवशी अतिरप्पिळी. पायवाट उतरताना गुडघे बोलत होते, तरी धर्माजी सगळ्यांच्या पुढे. खाली वळणावर झाडी संपली आणि समोर धबधबा उभा राहिला. धर्माजी जागच्या जागी थांबला. जनी येऊन शेजारी उभी राहिली. तुषारांनी दोघांचेही चेहरे ओले झाले.

शेवटी जनीच त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "आता सांगा! कसा हाय?"

"तू बघतेयस ना?"

"बघतेय. तरी पन सांगा."

धर्माजीनं घसा खाकरला. फाटलेलं आभाळ, पाण्याचा धुरळा, वीस वर्षं घोटलेलं एकेक वाक्य तो शोधायला लागला. एकही हाताशी येईना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते कुठलं हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

"मोठा हाय," तो एवढंच म्हणाला.

जनी खळखळून हसली. मग पदरानं त्याचं तोंड पुसत म्हणाली, "म्हंजे या खेपेला खरंच बघितलात."