बाकाखालची विहीर

नारिंगी जॅकेट घातलेला माणूस दिसला की अजूनही माझं डोकं सणकतं. वादळानंतर विरारजवळच्या नंदाखाल गावातल्या आमच्या वाडीत तशी जॅकेटं घातलेली दहा-बारा माणसं घुसली. पडलेल्या केळींवर पाय देत देत अंगणापर्यंत आली आणि त्यांच्या म्होरक्याने माझ्या हातात एक पिशवी ठेवली. पिशवीत टॉर्च, मेणबत्त्या, बिस्किटांचे पुडे, नायलॉनची दोरी आणि एक शिट्टी. संकटात सापडलात की शिट्टी वाजवायची, असं त्याने मला समजावून सांगितलं.

"वाजवते की," मी म्हटलं. "पण ऐकून येणार कोण? तू?"

बाकीचे हसले, तो हसला नाही. म्होरक्या म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ.

दादा विरारला मनवेलपाड्यात फ्लॅट घेऊन राहतो आणि मुंबईत नोकरी करतो. त्याच्या कंपनीने एकदा आपत्तीत काय करावं याचं शिबिर घेतलं, आणि तेव्हापासून त्याच्या अंगात जे संचारलं ते अजून उतरलेलं नाही. कुणाच्या वाढदिवसाला गेला तर प्रथमोपचाराची पेटी देणार. त्याच्या घरी दाराशी एक बॅग कायम भरलेली असते, तिच्यात कागदपत्रांच्या झेरॉक्सपासून सुक्या खजुरापर्यंत सगळं. वहिनीला त्या बॅगेतला खजूर खायची सोय नाही. विरारमधल्या आणखी चार हौशी लोकांना घेऊन त्याने मदत करणाऱ्यांचा गट काढला, जॅकेटं शिवून घेतली. मी त्याला उंटावरचा शहाणा म्हणायचे, तोंडावर म्हणायचे.

शिवाय रोज संध्याकाळी त्याचा फोन. मी शाळेतल्या कारकुनीवरून दमून आलेली असायची, चहासुद्धा झालेला नसायचा, आणि हा विचारायचा, "आई कुठे आहे?" कशी आहे नाही, काय करते नाही. कुठे आहे. "कुठे असणार, घरात," असं म्हणून मी फोन ठेवायची. लग्न मोडून परत आलेल्या बहिणीवर पहारा ठेवायचा हा त्याचा मार्ग आहे, असं मी स्वतःला सांगून ठेवलं होतं.

आता विहिरीचं सांगते, कारण सगळं तिच्यापाशीच अडलं. वाडीच्या मधोमध आमची विहीर. बाबा गेले त्याच्या पुढल्या वर्षी दादाने तिच्यावर सिमेंटचा स्लॅब घातला आणि स्लॅबवर फरश्या लावलेला बाक बांधला. बाकाच्या पाठीवर बाबांचं नाव कोरलं. वर्षश्राद्धाला मी सासरहून आले होते तेव्हा ते काम चाललेलं होतं. मिस्त्री म्हणाला, एका कोपऱ्याला लोखंडी झाकण ठेवू, कधी गाळ काढायला लागतो. दादा त्याच्यावर असा खेकसला की बिचाऱ्याच्या हातातली थापी खाली पडली. "झाकण नको म्हणजे नको. पाइपापुरतं भोक ठेव." मला ते त्याच्या हटवादीपणाला साजेसंच वाटलं. एवढी सुंदर विहीर, आणि तिची बसायची जागा करून टाकली.

अर्थात आमच्या आळीत तो एकटाच शहाणा नव्हता. एकाने पोरं पडतात म्हणून झाकली, एकाने डास होतात म्हणून, एकाने गाडी लावायला जागा हवी म्हणून. वाड्यांमधली बावखलं, म्हणजे आमची जुनी गोड्या पाण्याची तळी, त्यातली बरीचशी डबर टाकून बुजवलेली. बटण दाबलं की मोटर पाणी टाकीत चढवते, मग रहाट कशाला नि दोर-बादली कशाला? तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात. आमच्या विहिरी तर केव्हाच्या खणलेल्या होत्या, आम्ही त्यांच्यावर मांडी घालून बसलो होतो.

वादळ आलं ते भर उन्हाळ्यात. दिवसभर वारा असा सुटला होता की माड वाकून पुन्हा उभे राहताना दिसत, आणि मग काही उभे राहीनासे झाले. केळी सरसकट आडव्या झाल्या. विजेचे खांब रस्त्यावर झोपले. घराची कौलं गेली, पण माणसं वाचली, म्हणून आम्ही शेजारपाजारी एकमेकांना बरं म्हणालो.

आईने कौलांकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ पानवेलींकडे गेली. खाऊच्या पानांचा तो मळा तिच्या सासूने लावलेला, आमच्या आळीत उरलेला तेवढा एकच. पांगाऱ्याच्या झाडांवर चढवलेल्या वेली, वर माड-केळींची सावली आणि खाली रोजचं पाणी, असा तो नाजूक संसार. वेली बऱ्याचशा जागेवर होत्या, पण वरची सावली साफ उडून गेली होती. पावसाचं पाणी रेताड जमिनीने गिळलं आणि मग ऊन पडलं. वादळानंतरचं ते ऊन मी कधी विसरणार नाही. पानं कडेने पिवळी पडायला लागली. एकदा ही वेल गेली की लावायला बेणं मिळणार नव्हतं, कारण आजूबाजूला कुणाकडे उरलंच नव्हतं.

पाणी होतं. बाकाच्या खाली, स्लॅबच्या भोकाला डोळा लावला तर चमकताना दिसायचं. वीज कधी येईल ते कुणी सांगत नव्हतं. टँकर यायचा तो प्यायच्या पाण्याचा, घरटी दोन हंडे. मी आणि आई सकाळ-संध्याकाळ दूरच्या एका न बुजवलेल्या बावखलावरून कॅनने पाणी वाहायचो, शेवाळ बाजूला सारून. एवढ्या मळ्याला ते पाणी म्हणजे हत्तीच्या तोंडात शेंगदाणा. आईची चप्पल तुटली, तरी ती अनवाणी खेपा घालत राहिली. तिला थांब म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

मी दादाला फोन लावला, शेजारच्या मुलीच्या मोबाईलमध्ये थोडी धुगधुगी होती म्हणून. त्याच्या गटाकडे जनरेटर होता. "आणून मोटर चालवून दे," मी म्हटलं. तो म्हणाला, "अर्नाळ्याला लोकांच्या डोक्यावर पत्रे राहिले नाहीत. आधी आपल्याच आईकडे जनरेटर नेला तर लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोक म्हणतील, मुलगा आहे." त्याने फोन ठेवला. घर सोडून गावाचा उद्धार करणारी माणसं मला आधीपासूनच सहन होत नाहीत, पण त्या दिवशी मी त्याला ज्या शिव्या दिल्या त्या ऐकून शेजारच्या मुलीने आपला मोबाईल काढून घेतला.

तर त्यानंतर तो आला तो असा, शिट्ट्या वाटत. बरोबरच्यांना बसायला जागा हवी होती. बसले कुठे? बाकावर. विहिरीच्या डोक्यावर बसून बाटलीतलं पाणी प्याले आणि आम्हालाही बाटल्या दिल्या. एकाने आईच्या हातात बाटली देतानाचा फोटो काढला. आईने ती बाटली उघडली, चालत मळ्यात गेली आणि एका वेलीच्या बुंध्याशी ओतून आली. फोटो काढणाऱ्याने मोबाईल खिशात टाकला.

जनरेटर त्यांनी या वेळी आणला होता, तेवढं खरं. मोटरला जोडला. जनरेटर खोकला, धूर सोडला आणि बंद पडला. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. मोबाईल आणि दिवे चालवायचं ते यंत्र, विहिरीची मोटर त्याला कुठची उचलते? दादाच्या कपाळावर घाम आला. त्याने बरोबरच्या माणसांना जनरेटर टेम्पोत चढवायला सांगितलं, आणि ते सगळे फाटकाकडे गेले. बाकाशी राहिलो आम्ही तिघं.

मी गोठ्यातून पहार आणली होती. "बाक फोडू," मी म्हटलं.

"बाबांचं नाव आहे त्याच्यावर."

"बाबा पाणी काढायचे इथून. बसायचे नाहीत."

"दुसरं काही करू. मी मोठा जनरेटर बघतो. उद्या, परवा."

"परवा वेली नसतील."

"नसल्या तर नसल्या!" तो ओरडला. "वेलीच आहेत त्या!"

मी पहार उचलली. त्याने ती मधेच पकडली आणि आम्ही दोघं पन्नाशीकडे झुकलेली भावंडं लहान पोरांसारखी एक पहार इकडून तिकडे ओढायला लागलो. मी त्याला नाही नाही ते बोलले. तुला फोटोतली आई हवी, बाबांच्या नावाची फरशी हवी, जिवंत माणसाचं तुला काही पडलेलं नाही, असं म्हणाले. तो फक्त पहार सोडत नव्हता.

"तिला सांग," आई म्हणाली. आई खाडीकडच्या भातशेतीच्या गावातली, तिच्या बोलण्यात अजून तिकडचीच ढब. "नायतर मी सांगते."

दादाने मान हलवली. नको, अशी.

आई बाकाच्या कडेला टेकली. "तुझे बाबा गेले ना बाय, त्या पावसात मी एकदा हितं येऊन काठावर उभी राहिले होते. पानी काढायला नव्हते आले. हा मागनं आला नि माझा दंड धरला. धरला तो घरात नेईपर्यंत सोडला नाय. कोनाला बोलला नाय, मीबी नाय. मग यानं हे बांधलं."

मला एकदम झाकण आठवलं. मिस्त्रीवर खेकसलेला दादा आठवला. पहार तशीच आम्हा दोघांच्या हातात राहिली.

आई दादाकडे वळली. "बांधलंस ते बरं केलंस. तवा गरज होती. पन आता फोड. रोज सकाळी मी उठते ती या वेलींसाठी उठते, दुसरं मला काय हाय? त्या गेल्या तर विहीर झाकलेली काय नि उघडी काय, मला सारखीच."

दादा रडला. मोठ्याने नाही, पण जॅकेटच्या बाहीने तोंड पुसावं लागलं इतका. मग त्याने माझ्या हातून पहार काढून घेतली आणि बाकाच्या पाठीवर पहिला घाव त्यानेच घातला, बाबांच्या नावाच्या जरा खाली.

फाटकातली माणसं आवाजाने परत आली. पाळीपाळीने पहार चालवली. स्लॅब चांगला जाड, दादाने सिमेंटात हात आखडला नव्हता. शेवटी एक तुकडा खाली गेला आणि आतून डुबुक असा आवाज आला. भोक मोठं करत नेलं तसतशा आतल्या लोखंडी सळ्या उघड्या पडल्या. बादली त्यांच्यामधून जात नव्हती. कुणीतरी म्हणालं, सळ्या कापू, करवत आणतो.

"नको," दादा म्हणाला. "कापायच्या नाहीत. एवढंच बास."

या वेळी मी त्याच्याशी भांडले नाही. तेलाचा पाच लिटरचा उभा कॅन आणला, त्याचं तोंड कापलं. सळ्यांमधून तो बरोबर गेला. दोरी नव्हती. आमच्या घरात दोर असून किती वर्षं झाली कोण जाणे. मग त्या पिशव्यांमधल्या नायलॉनच्या दोऱ्या काढल्या, एकीला एक गाठ मारून पाण्यापर्यंत पोचवल्या. जॅकेटवाल्यांची रांग लागली विहिरीपासून मळ्यापर्यंत. दादा कॅन ओढत होता, मी मळ्यात आईजवळ. नायलॉनने त्याचे तळवे सोलून निघाले. त्याने बरोबर आणलेल्या त्या भरलेल्या बॅगेत मलम होतं, ते त्याला लावायला मिळालं याचा मला थोडा दुष्ट आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

वीज यायला पुढे बरेच दिवस लागले. पश्चिमेकडच्या वेली गेल्याच. बाकीच्या तगल्या. दादाच्या गटाने नंतर मोबाईलवर टाकलं की त्यांनी नंदाखालला एक जुनी विहीर मोकळी केली, खाली हात जोडलेली चित्रं. मी फोन करून त्याला पुन्हा शिव्या दिल्या. तो म्हणाला, मी नाही टाकलं, दुसऱ्याने टाकलं. पण मला खरा राग त्याचा नव्हताच. माझ्या आईबद्दलची एवढी मोठी गोष्ट मला इतकी वर्षं कुणी सांगितली नव्हती, त्याचा होता. मी तेही विचारलं. तो म्हणाला, "तुझं तिकडे सासरी आधीच काय चाललं होतं? त्यात हे कुठे सांगू?" आणि मी परत आल्यावर का नाही सांगितलं, तर म्हणे, "मग तू काळजीने आईला नीट जेवूसुद्धा दिलं नसतंस." हे खरं आहे. म्हणून जास्तच राग येतो.

बाक आता अर्धा उरला आहे. सळ्या गंजल्यात, पण आहेत. आई त्यांच्यातून कॅन सोडते, वीज असली तरी. मोटरच्या पाण्याला गोडी नाही म्हणते. दोर मी स्वतः आगाशीच्या बाजारातून आणला, चांगला काथ्याचा.

आणि संध्याकाळी दादाचा फोन अजून येतो. तोच प्रश्न, "आई कुठे आहे?" पूर्वी मी बसल्या जागेवरून उत्तर द्यायची. आता मी आधी उठून मागच्या दारात जाते, ती वेलींमध्ये दिसते का बघते, आणि मग त्याला सांगते.