अर्ध्या यकृताचा खोडवा

धाकट्या भावाचं यकृत निकामी झालं होतं. माझं त्याला जुळतंय असं कळलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. अडून बसला तो एकटाच.

शाहूपुरीतल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई समजावत होत्या. माझं अर्ध्याहून जास्त यकृत काढून त्याला बसवायचं, मग दोघांच्या पोटातला तुकडा आपापला वाढणार. हे ऐकून हा म्हणाला, "म्हंजे उसाचा खोडवाच की! तोडल्यावर बुडख्यातनं पुन्हा फुटायचा. पर खोडव्याला पहिल्या लावणीवाणी उतारा न्हाय पडत, बाई. माझी आक्का कमी झाली तर?" गडमुडशिंगीत जन्म काढलेल्या या माणसाला ऊस सोडून दुसरं काही दिसतच नाही.

बाई हसल्या नाहीत. कापलेला भाग परत उगवत नाही, म्हणाल्या, उरलेलाच वाढून ती जागा भरून काढतो. पेशी आधी आपल्या डीएनएची नक्कल काढते, मग एकीच्या दोन होतात. काही पेशी तर दुप्पट डीएनए पोटात ठेवून नुसत्याच थोराड होतात. काम मात्र चोख करतात.

बाहेर आल्यावर त्यानं खरं कारण काढलं. "रानातला हिस्सा सोडलास. सही केलीस, च्या पिऊन गेलीस. आता ह्ये बी घिऊ व्हय?"

आमच्याकडे बहिणी अशी सही करतातच, त्यात काय मोठं! पण मला असा संताप आला, की भर रस्त्यात ओरडले, "रान गेलं तरी माहेर होतं. तू गेल्यावर कुणाच्या दारात येऊ रे?" तो माघारी दवाखान्याकडे वळला. मग म्हणाला, "बरं."

ऑपरेशननंतर काही महिन्यांनी दोघांची तपासणी झाली. माझं यकृत जवळजवळ पहिल्याएवढं भरलं होतं. त्याच्यातलंही वाढलं होतं, आणि त्या नव्या पेशींतला डीएनए माझाच, असं बाईंनी सांगितलं. घरी येईपर्यंत तो पोटावर हात फिरवत होता. 

भाऊबीजेला ओवाळलं, तर ताटात काहीच पडलं नाही. मी चिडवलं, "पोटातलं परत काढून घेऊ का?"

तो मला हाताला धरून रानात घेऊन गेला. विहिरीपासून बांधापर्यंतचा ऊस दाखवत म्हणाला, "ह्ये निम्मं तुझ्या नावावर केलंय."

"अरे, मग तुला काय राहिलं?"

"निम्मं दिलंस म्हणून तू कमी झालीस व्हय?"